खुणा जुळतात, तरी गाडी चढ घेत नाही: कॅमचं टायमिंग अंशात तपासताना

गिरणारेहून रोज पहाटे नाशिकला दूध आणणारे एक आबा माझं गिऱ्हाईक आहेत. शंभर सीसीची जुनी गाडी, दोन्ही बाजूंना कॅन. मागच्या हिवाळ्यात तिचं हाफ इंजिन मीच केलं. बोअर, नवा पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह घासून घेतले, हेडला (सिलिंडरच्या वरच्या झाकणाला) फेसिंग, म्हणजे तळ घासून सपाट करणं. पहिल्या किकला गाडी चालू झाली, आवाजही स्वच्छ. आठवड्यानं आबा परत दारात. "मिस्तरी, रिकामी पळती. कॅन लावले की रडती."

मी कार्ब्युरेटर खोलला, जेट साफ केले, एअर फिल्टर बदलला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग क्लच प्लेटा टाकल्या, त्याही आबांच्या पैशानं, हे आज सांगायला जीभ रेटत नाही. तिसऱ्यांदा इंजिन पुन्हा उघडलं. रिंगा ठीक, वॉल्व्ह ठीक. दर वेळी टायमिंगही, म्हणजे पिस्टनच्या चालीशी वॉल्व्हची उघडझाप जुळते का, ते बघत होतो: मॅग्नेटवरची (पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या टोकाला असलेल्या चाकावरची) टी खूण खिडकीत, कॅमच्या (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) गरारीची, म्हणजे दातेरी चक्राची, खूण हेडच्या खुणेसमोर. जुळतंय ना, मग टायमिंगचा प्रश्न नाही, असं म्हणून पुढे जात होतो. चूक नेमकी तिथेच होती.

हाफ इंजिन केल्यावर "पिकअप गेलं", "चढाला दम नाही", "वर पळते पण खालून उचलत नाही" अशी तक्रार परत परत येत असेल आणि बाकी सगळं तपासून झालं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

आधी कॉम्प्रेशन बघा

तिसऱ्या खेपेला मी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं यंत्र, लावला. थ्रॉटल पूर्ण उघडा धरून किक मारल्या, साडेसात किलो. असं इंजिन नीट असेल तर दहाच्या आसपास तरी दाखवतं. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकलं, पुन्हा किक. काटा जेमतेम हलला. रिंगा गळत असत्या तर ऑइलनं तो चांगला वर गेला असता. हेड काढून पोर्टमध्ये पेट्रोल ओतून ठेवलं, वॉल्व्हखालून थेंब नाही. म्हणजे रिंगा धरतात, वॉल्व्ह धरतात, तरी दाब कमी.

मग हवा जाते कुठे? आली त्याच वाटेनं परत. पिस्टन वर यायला लागला तरी इनटेक (मिश्रण आत घेणारा) वॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो, ते कंपनीनंच तसं ठेवलेलं असतं, कारण जास्त वेगात हवेच्या रेट्याचा फायदा मिळतो. पण कॅम ठरल्यापेक्षा मागे असेल तर वॉल्व्ह आणखी उशिरा बंद होतो आणि कमी वेगात पिस्टन आत घेतलेलं मिश्रणच पोर्टमधून मागे ढकलतो. त्यामुळे किकवर दाब कमी, चढाला दम नाही, आणि सपाट रस्त्यावर रिकामी गाडी मात्र व्यवस्थित पळते. आबांची तक्रार शब्द न् शब्द हीच होती.

उलट, कॅम पुढे गेला तर खालून गाडी उत्साहानं उचलते, दाब जास्त दाखवते, कधी लोडवर टकटकही करते, पण वरच्या वेगात श्वास अडकल्यासारखी होते. असे ग्राहक सहसा तक्रार घेऊन येत नाहीत. शहरात द्वारका ते सीबीएस एवढंच चालवणाऱ्याला ते कळतही नाही.

हे सगळं दोन-चार-आठ अंशांच्या फरकाचं. अख्खा दात चुकला असेल तर लक्षणं इतकी सभ्य नसतात. किक उलटी मारते, कार्ब्युरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाके, नाहीतर वॉल्व्ह सरळ पिस्टनवर.

खूण दात सांगते, अंश सांगत नाही

त्या गाडीच्या कॅमच्या गरारीला २८ दात आहेत. एक दात म्हणजे कॅमचे ३६० भागिले २८, जवळपास १२.९ अंश. फोर स्ट्रोकमध्ये क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो, म्हणून क्रँकच्या हिशोबात तोच एक दात २५.७ अंशांचा. टायमिंगचे आकडे नेहमी क्रँकच्या अंशात बोलले जातात, हे एकदा डोक्यात पक्कं करा, नाहीतर पुढे दुपटीचा घोटाळा होतो.

गरारीची खूण हेडच्या खुणेपासून अर्धा दात हलली तर डोळ्याला दिसते. पाव दात हलली तर नाकासमोर बॅटरी धरून बघितलं तरी "जुळली" असंच वाटतं. पाव दात म्हणजे साडेसहा अंश झाले. खूण ही कंपनीच्या मूळ मापांवर मारलेली असते: मूळ उंचीचं हेड, नवी चेन, मूळ गरारी. आपण तर इंजिन उघडून यातलंच काहीतरी बदलत असतो.

आणखी एक फसवणूक मॅग्नेटची. तिथली अर्धचंद्र चावी अर्धवट कातरली असेल, किंवा भंगारातून दुसरा मॅग्नेट बसवला असेल, तर टी खूणच खोटी. त्या खोट्या खुणेवर तुम्ही कॅम लावला तर कॅमही खोटा. म्हणून मोजताना टी खुणेवर अजिबात विसंबायचं नाही.

टीडीसी स्वतः शोधायचा

टीडीसी म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा, टी खूण तिचीच. लागतं ते फार नाही. ० ते ३६० अंशांची छापील तबकडी, एक ०.०१ मिमीचा डायल गेज, एक ताठ तार. बाजारात तयार डिग्री तबकडी मिळते, पण मी पहिली केली ती कागदावर छापून जुन्या सीडीवर चिकटवली. सीडीचा व्यास १२० मिमी, परीघ ३७७, म्हणजे काठावर एक अंश जेमतेम एक मिलिमीटर. काम चालतं, डोळे दुखतात. आता २५० मिमीची ॲल्युमिनियमची तबकडी आहे, तिच्यावर एक अंश दोन मिमीच्या वर पडतो आणि अर्धा अंश आरामात वाचता येतो. ही मायको सर्कलजवळच्या एका ओळखीच्या टर्नर काकांनी करून दिली. आयुष्य सातपूरच्या कारखान्यांत गेलेला माणूस, अर्ध्या अंशावर माझ्याशी वाद घालत बसतो.

तबकडी क्रँकच्या टोकाला घट्ट बसवा, तारेचा काटा केसिंगच्या एखाद्या बोल्टला अडकवा. पिस्टन वर आला की डायलनं टीडीसी बघू, असं वाटेल, पण वरच्या टोकाला क्रँक दोन-तीन अंश फिरला तरी पिस्टन हलल्यासारखा करत नाही. तिथे डायलचा काटा थांबतो, आणि नेमका मध्य हाती लागत नाही.

त्याऐवजी अडकण वापरा. जुना प्लग घ्या, आतलं चिनीमातीचं काढून टाका, त्या जागी टोक गोल केलेला बोल्ट बसवा. टॅपेट, म्हणजे वॉल्व्हची फट लावायचे स्क्रू, पूर्ण सैल करा, म्हणजे वॉल्व्ह बंद राहतील आणि आत आलेल्या बोल्टवर आपटणार नाहीत. हे विसरलात तर वॉल्व्ह वाकवण्याचं श्रेय तुमचं. आता क्रँक हळूच एका दिशेनं फिरवा, पिस्टन बोल्टला टेकला की आकडा लिहा. मग उलट्या दिशेनं पूर्ण फिरवून पुन्हा टेकवा, दुसरा आकडा लिहा. समजा एकीकडे ३८ आला आणि दुसरीकडे ४४. एकूण ८२, अर्धे ४१. काटा ३ अंश सरकवून दोन्हीकडे ४१ येईल असा लावा. झाला खरा टीडीसी. पुन्हा एकदा तपासा, मग अडकण काढा.

क्रँक फिरवायला मॅग्नेटच्या नटावर पाना लावायचा मोह होतो. या गाड्यांचं इंजिन डावीकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं, आणि त्या दिशेनं पाना मारला की नट सैल होतो. गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअर, प्लग बाहेर, आणि मागचं चाक हातानं फिरवा. बोटभर सरकवलं तरी तबकडीवर दिसतं.

इनटेकचं मध्य

इनटेक वॉल्व्ह पूर्ण उघडतो तो क्रँकचा अंश म्हणजे इनटेकचं मध्य. टॅपेट आता शून्य फटीवर घ्या, आणि टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) बसवलेला असू द्या. बोटानं चेन दाबून घेतलेलं माप कामाचं नाही. डायलचं टोक टॅपेटच्या झाकणाच्या भोकातून इनटेकच्या टॅपेट स्क्रूवर, वॉल्व्हच्या दांड्याच्या शक्य तितकं सरळ रेषेत. इथे सगळे अडतात: डायलचा मॅग्नेट स्टँड ॲल्युमिनियमला चिकटत नाही. लोखंडाची जाड पट्टी हेडच्या एखाद्या बोल्टखाली आवळा आणि स्टँड तिच्यावर उभा करा. पट्टी पातळ असेल तर स्प्रिंगच्या जोरानं तीच लवते आणि तुम्ही पट्टी मोजत बसता.

चाक पुढच्या दिशेनं फिरवत वॉल्व्ह पूर्ण उघडेपर्यंत या, तिथे डायल शून्य करा. मग क्रँक चांगला पाव फेरा मागे न्या आणि पुन्हा पुढे येत डायलवर पूर्ण उघडण्याच्या १ मिमी आधी थांबा. तबकडीचा आकडा लिहा. तसंच पुढे, पूर्ण उघडणं ओलांडून, वॉल्व्ह १ मिमी मिटला की पुन्हा थांबा, आकडा लिहा. दोघांची बेरीज करून अर्धी करा. कॅमचं शिखर सपाट असतं, म्हणून शिखरावर थेट मोजायचं नाही, दोन उतारांवरून मध्य काढायचा.

प्रत्येक आकडा चालत्या दिशेनं येऊनच वाचा. थोडं पुढे गेलात तर तेवढंच मागे घेऊन वाचू नका, पुन्हा पाव फेरा मागे जाऊन या. चेनमधली ढील अशी फसवते की तेच माप दोनदा घेतलं तर तीन अंशांचा फरक निघतो. तीन वेळा मोजा, अर्ध्या अंशात आलं तरच धरा.

आबांच्या गाडीचे आकडे आले टीडीसीनंतर ६५ आणि १५७. बेरीज २२२, मध्य १११.

आता १११ हे बरं की वाईट? रेसिंगच्या कॅमबरोबर आकड्यांचा कागद येतो, तुमच्या-माझ्या कम्यूटर गाडीबरोबर येत नाही. माझ्याकडे नशिबानं त्याच मॉडेलची, कधीच न उघडलेली एक गाडी सर्व्हिसला आली होती. मालकाला चहा पाजून परवानगी घेतली आणि तीही मोजली. १०२. म्हणजे आबांचा कॅम ९ अंश मागे होता. इनटेकचं मध्य टीडीसीपासून लांब गेलं की कॅम मागे, जवळ आलं की पुढे.

तेव्हापासून माझ्याकडे येणारं कुठलंही इंजिन उघडण्याआधी मी मोजतो. गाडी चांगली चालत होती तेव्हाचा आकडा हाती असेल तर दुसऱ्या कशाची गरज नाही. पोरं कंटाळतात, मोजायला पाऊण तास जातो. आबांच्या तीन फेऱ्यांत किती तास गेले, ते मी त्यांना ऐकवतो.

नऊ अंश कुठून आले

एकाच जागेहून नाही, म्हणूनच सापडत नव्हते.

पहिली चेन. कॅमची चेन मी जुनीच ठेवली होती, "अजून चालेल" म्हणून. क्रँक चेनला ज्या बाजूनं ओढतो, ती बाजू लांबली की कॅम तेवढा मागे राहतो. उरलेली ढील टेन्शनर दुसऱ्या बाजूला गिळून टाकतो, त्यामुळे आवाजही येत नाही. हिशोब असा: चेनचा पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) ६.३५ मिमी, २८ दात, म्हणजे गरारीची त्रिज्या साधारण २८.३ मिमी. ओढीच्या बाजूला १ मिमीचा फरक पडला की कॅम २ अंश, क्रँकचे ४. नवी चेन टाकून मोजलं, १११ चे १०७.५ झाले.

दुसरी गरारी. जुन्या गरारीचे दात झिजून हुकासारखे वाकडे झाले होते म्हणून हाफ इंजिनच्या वेळी बाजारातली स्वस्त टाकली होती. भंगाराच्या डब्यातून जुनी शोधून काढली, दोन्हींची बोल्टची भोकं दोन बोल्ट घालून एकावर एक जुळवली आणि उजेडासमोर धरली. दातांच्या टोकांना जवळजवळ मिलिमीटरचा फरक! भोकंच तिरकी पाडलेली. खूण मात्र छान कोरलेली, दाताला बरोबर धरून. मूळ कंपनीची गरारी आणली, १०३.५.

उरला दीड अंश, तो हेडच्या फेसिंगचा. लेथवाल्यानं एकूण ०.४ मिमी घेतलं होतं. हेड खाली आलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो, ओढीची बाजू तेवढी सैल पडते, कॅम मागे जातो. परिणाम चेन लांबल्यासारखाच. अर्धा मिमी म्हणजे क्रँकचे दोन अंश, हे या मापाच्या गरारीला कायम लक्षात ठेवायला सोपं. हेड दोन-तीनदा घासलेलं असेल तर जाड बेस गॅसकिट (सिलिंडरखालची पट्टी) टाकून उंची परत मिळवता येते. पातळ हेड गॅसकिटनंही कॅम असाच मागे जातो, हे विसरू नका.

हा दीड अंश मी तसाच ठेवला. माझ्या मते रोजच्या गाडीला दोन अंशांपर्यंत हात लावू नये. त्याहून बारीक जायचं तर बाकीचं इंजिनही त्या तोलाचं लागतं.

मूळ पार्ट मिळतच नसेल तर

जुन्या मॉडेलना हे होतं. मग गरारीच्या बोल्टची भोकं लांबट करावी लागतात. बोल्ट केंद्रापासून १५ मिमीवर असेल तर कॅमचा एक अंश म्हणजे तिथे ०.२६ मिमी. क्रँकचे ४ अंश हवेत तर कॅमचे २, म्हणजे अर्धा मिमीच घासायचं. कानशीने दोन झटके जास्त मारलेत तर संपलं. कॅम आपल्या फिरण्याच्या दिशेनं गरारीपेक्षा पुढे सरकला की टायमिंग पुढे जातं, हे कागदावर बाण काढून बघा आणि मगच कानस उचला. मी निम्म्या वेळा मनात उलटं धरतो.

लांबट भोकांचा धोका असा की बोल्ट ढिला पडला तर कॅम सरकतो आणि वॉल्व्ह-पिस्टनची गाठ पडते. जाड वॉशर, लॉकटाइट, आणि आवळायला टॉर्क पाना, अंदाज नाही. खिळ्यावर बसणारी गरारी असेल तर अंबडला लेथवर एका बाजूला सरकवलेला खिळा करून घेणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

कॅम हलवला की वॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर तपासल्याशिवाय इंजिन किकनं फिरवायचं नाही. कॅम पुढे नेला की इनटेक वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, मागे नेला की एक्झॉस्ट. मुलांची रंगीत माती पिस्टनच्या खाचांत दाबा, वरून ऑइलचं बोट फिरवा, हेड बसवून क्रँक हातानं दोन फेरे फिरवा, हेड काढा, माती ब्लेडनं कापून सर्वांत पातळ जागा मोजा. मोटारींच्या इंजिनांना इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिमी हा जुना अंगठ्याचा नियम. छोट्या इंजिनात मूळ अंतरच कमी असू शकतं, म्हणून बदल करण्याआधीचंही माप घ्या. सर्वांत जवळची गाठ टीडीसीवर पडत नाही, तिच्या आजूबाजूला दहा-एक अंशांवर पडते. म्हणून फक्त टीडीसीवर थांबून बघणं पुरत नाही.

दुसऱ्या इंजिनांबद्दल थोडं

बुलेटवाले विचारतात. पुशरॉडच्या (लांब दांड्यांनी वॉल्व्ह उघडणाऱ्या) बुलेटमध्ये कॅम खाली केसिंगमध्ये, दात्यांनी फिरतो. हेड कितीही घासा, टायमिंग हलत नाही, फक्त टॅपेटची ॲडजस्टमेंट बदलते. तिथे खुणा बरोबर असतील तर बहुधा बरोबरच असतात, चूक झाली तर अख्ख्या दाताची. द्राक्षबागांत फिरणाऱ्या ट्रॅक्टरांच्या डिझेल इंजिनांचंही तसंच, फक्त तिथे इंजेक्शन पंपाचं टायमिंग वेगळं बघावं लागतं.

मारुती ८०० सारख्या बेल्टच्या इंजिनात मात्र वरचा सगळा हिशोब लागू: हेड घासलं की कॅम मागे. शिवाय तिथे डिस्ट्रिब्युटर कॅमवरूनच फिरतो, म्हणून कॅम चार अंश हलवला तर स्पार्कही चार अंश हलतो. कॅम लावून झाला की स्पार्कचं टायमिंग नव्यानं लावा. आबांच्या गाडीत स्पार्कचा इशारा देणारा पिकअप मॅग्नेटवर आहे, तिथे ही भानगड नाही.

आबांच्या गाडीला टॅपेट योग्य फटीवर घेऊन गेज लावला तेव्हा दहा किलो दाखवलं. क्लच प्लेटांचे पैसे मी परत केले, ते त्यांनी मोजूनही बघितले नाहीत, कॅन बांधायची घाई होती. त्या गाडीच्या डाव्या साइड पॅनलच्या आतल्या बाजूला आता मार्करनं लिहिलेलं आहे: इनटेक १०३.५, दाब १०, हेड ०.४ घेतलं, चेन नवी.